दुसरी दवंडी

काकूंचा आवाज हा त्यांचा स्वभाव होता की धंदा, हे त्यांच्या नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे असं विचारलं, तर तीन घरं पलीकडची बाई मिठाची बरणी घेऊन दारात हजर व्हायची. लग्नानंतर आठवड्याभरातच सासू म्हणाली होती, "हिला अंगणात बोलू दे, घरात आपोआप ऐकू येईल." पुढे नवरा गेला, मुलगा लहान होता, आणि नगरपालिकेच्या पाणीखात्याला दवंडी द्यायला माणूस हवा होता. अर्ज बावीस आले, नोकरी काकूंना मिळाली. तेव्हापासून सगळं गाव त्यांना दवंडीकाकू म्हणायला लागलं, आणि त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

दवंडी म्हणजे आता ढोल वगैरे काही नाही. एक म्हातारी जीप, तिच्या टपावर दोन भोंगे, चाकाला एक मुखदुर्बळ ड्रायव्हर, आणि शेजारी माइक धरून काकू. पाणी कधी येणार, कधी जाणार, कुठला रस्ता खणलाय, कुत्र्यांना लस कुठे टोचणार, हे सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. साहेबलोक कागदावर जे लिहून देत ते काकू तसंच्या तसं कधीच वाचत नसत. "सदर कालावधीत पाणीपुरवठा खंडित राहील" असा कागद आला की काकू सांगायच्या, "उद्या नळाला पाणी नाही, आजच भरून ठेवा, मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

गावाच्या उताराला, कापडगिरणीच्या मागे, खालची वस्ती. पंचवीसेक वर्षांपूर्वी गिरणीने लांबून माणसं आणली, ती तिथे राहिली. त्यांची भाषा वेगळी. काकूंनी नोकरीच्या सुरुवातीला तिथेही कचेरीच्या भाषेतच घसा फोडला, आणि झालं काय, नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. कोणी पाणी भरून ठेवलं नाही, दुसऱ्या दिवशी शंभर बायका रिकाम्या बादल्या घेऊन पाणीखात्याच्या दारात. त्या गर्दीतून एक काडीसारखी बाई पुढे आली, ओठांत टाचण्या धरलेल्या, त्या न काढताच तिने मोडक्यातोडक्या शब्दांत काकूंना विचारलं, "तू रोज येऊन ओरडतेस काय?"

ती शिवणकाम करायची. काकूंनी तिचं नाव तिथल्या तिथे टाचणी ठेवलं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायला लागली. त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघींचा एक नेम झाला. दवंडीचा कागद हाती आला की जीप आधी टाचणीच्या दारात. काकू मजकूर सांगायच्या, टाचणी कापड बेततबेतत तो आपल्या भाषेत म्हणायची, काकू कागदाच्या पाठीवर आपल्या अक्षरांत उतरवून घ्यायच्या आणि तीनदा म्हणून दाखवायच्या. टाचणी हसून लोटपोट व्हायची. "ताई, तू बोलतेस ते ऐकून आमची पोरं हसतात, पण पाणी भरतात." आत खाटेवर टाचणीची म्हातारी आई असायची. तिला कचेरीच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण काकू निघाल्या की ती हात वर करून काहीतरी पुटपुटायची. तो आशीर्वाद होता असं टाचणी सांगायची, आणि काकू म्हणायच्या, "शिव्या असल्या तरी चालतील, हात वर जातोय ना."

मग खालच्या वस्तीत दवंडी दोनदा व्हायची. पहिली कचेरीच्या भाषेत, कारण नियम तसा. ती काकू भराभर उरकून टाकायच्या. मग क्षणभर थांबून वस्तीच्या भाषेत म्हणायच्या, "आता तुमच्यासाठी," आणि दुसरी दवंडी सुरू करायच्या. हे दोन शब्द टाचणीने सांगितले नव्हते, काकूंनी स्वतःच्या मनाने जोडले होते. ते कानावर पडले की रेडिओ बंद व्हायचे, बायका हात पुसत दारात यायच्या, पोरं जीपमागे धावायची. काकूंना त्याचा भारी अभिमान होता. वरच्या गावात त्यांच्यासाठी कोणी दारात येत नसे.

अकरा वर्षांत वस्ती बदलली. टाचणी आता शाळेचे गणवेश शिवत होती आणि मुख्याध्यापिकेशी मापांवरून कचेरीच्या भाषेत असं भांडायची की बाईंनीच माघार घ्यावी. पोरं तर दोन्ही भाषांत सारखीच आगाऊ. आणि तेव्हाच गावात वाद पेटला, की कचेरीची भाषा एकच असावी की दारात येईल त्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यावं. अर्ज, पाट्या, दवाखान्यात दुपारी बसणारी दुभाषी मुलगी, आणि काकूंची दुसरी दवंडी, सगळंच त्यात आलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणायचे, "माणसाचं पोट त्याच्या आईच्या भाषेतच दुखतं." समोरचे म्हणायचे, पंचवीस वर्षं झाली, अजून किती दिवस बोट धरून चालवायचं.

समोरच्यांनी मंडळच काढलं होतं, आणि त्यात काकूंचा मुलगाच होता. तो आता शाळेत शिक्षक. काकूंना वाटे, पोरगं कोणाचं तरी ऐकून बोलतंय, पण तसं नव्हतं. तो एकदा जेवताना म्हणाला, "आई, माझ्या वर्गात पहिला येणारा मुलगा खालच्या वस्तीतला आहे. माझ्यापेक्षा शुद्ध लिहितो. आणि तू अजून त्यांना पाहुणे समजतेस. दोनदा दवंडी देतेस म्हणजे तुम्ही वेगळे, असं भोंग्यावरून सांगतेस."

"मी पाणी सांगते रे बाबा."

"त्यांना पहिल्यांदाच कळतं, आई. विचारून बघ."

काकूंनी खरंच विचारलं. किराणावाल्याला, गिरणीच्या वॉचमनला, टाचणीला. सगळ्यांनी सांगितलं, हो, कळतं की. टाचणी तर चिडलीच, "मला कळत नाही असं कोण म्हणालं?" काकू मनात ओशाळल्या.

नगरपालिकेत हात वर झाले आणि ठराव झाला, यापुढे दवंडी फक्त कचेरीच्या भाषेत. दुभाषी मुलीचं काय ते पुढे बघू. काकूंना राग आला तो ठरावाचा नाही. ज्या बाईने अकरा वर्षं दोन्ही भाषांत घसा कोरडा केला, तिला एका शब्दाने कोणी विचारलं नाही, याचा आला. पाणीखात्याच्या साहेबाने नुसता कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "तुमचं काम निम्मं झालं बघा, बाई." काकू काही बोलल्या नाहीत. ज्यांना त्या माहीत होत्या त्यांना ठाऊक होतं की काकू गप्प बसल्या की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

ठरावानंतरची पहिली दवंडी कुत्र्यांच्या लसीची होती. खालच्या वस्तीत कोणी दारात आलं नाही. कुत्र्यांसाठी कोण येतंय, म्हणून काकूंनी सोडून दिलं.

दुसरी मात्र साधी नव्हती. रस्ता खणताना गटाराचा पाइप फुटला आणि घाण पिण्याच्या मुख्य नळात शिरली. सकाळी आठला साहेबाचा फोन, साडेआठला जीप रस्त्यावर. नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, दोन दिवस टँकर येईल, चौकात भांडी घेऊन या. वरच्या गावात अर्ध्या तासात रांगा लागल्या. मग जीप उताराला लागली.

काकूंनी वस्तीत स्वच्छ आवाजात, सावकाश, दोनदा सांगितलं, कचेरीच्या भाषेत. टाचणीचं दार उघडं होतं, मशीन चालू होतं. एकही रेडिओ बंद झाला नाही. एकही बाई दारात आली नाही. नळावर एक मुलगी बादली भरत होती, तिने जीपकडे पाहिलं आणि बादली भरतच राहिली.

गिरणीच्या भिंतीपाशी काकू म्हणाल्या, "थांब जरा." जीप थांबली. माइकचं बटण अंगठ्याखाली होतं. काकूंना दिसत होतं ते असं, की या लोकांना ऐकू आलंय आणि यांनी ऐकलेलं नाही. दोन शब्द बोलायचा अवकाश, दारं भरून गेली असती. ड्रायव्हर पुढे बघून म्हणाला, "काकू, हुकूम आहे ना?"

आणि तेव्हा काकूंच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कधी स्वतःलाही नाकारलं नाही. त्यांच्या मनात आलं, बघू दे साहेबाला. भरलेला टँकर जाईल, भरलेलाच परत येईल. चार लोकांची पोटं बिघडतील, दोन दिवस कुरकुर होईल, मग हाच साहेब कागद घेऊन माझ्या दारात येईल, की काकू, तुमच्याशिवाय होत नाही. येऊ दे. मग मी बघते कोणाचं काम निम्मं झालंय ते.

"चल," काकू म्हणाल्या.

टँकर खरंच भरलेला परत आला. खालच्या वस्तीतली त्रेसष्ट माणसं दवाखान्यात गेली. बासष्ट परत आली. टाचणीची आई तिसऱ्या दिवशी गेली.

काकू त्या घरी गेल्या तेव्हा टाचणी मशीनपाशी जमिनीवर बसली होती. तिने काकूंना बघितलं आणि रडायच्या आधी तिने हिशोब मांडावा तसं एकेक सांगितलं. "मला ऐकू आलं होतं, ताई. समजलंही होतं. पिऊ नका, उकळूनही पिऊ नका. मी बाही लावत होते. मनात म्हटलं, वरच्या गावाचा नळ बिघडलाय वाटतं. आपलं असतं तर ताईने हाक मारली असती. मग आईने पाणी मागितलं. पेला मी भरला. मी. जिला शब्दन् शब्द समजला होता तिने भरला."

टाचणीने त्यांचा हात धरला आणि उलट त्यांचीच समजूत घातली. "तू काय करणार? तुला हुकूम होता." तो हात काकूंना भाजल्यासारखा झाला, पण त्यांनी काढून घेतला नाही. काय म्हणून काढून घेणार होत्या?

मग वरातीमागून घोडं, म्हणजे चौकशी. तीन जणांची समिती नेमली, अध्यक्षा एक निवृत्त शाळातपासनीस बाई. वस्तीतल्या लोकांनी जबान्या दिल्या आणि त्या सगळ्या खऱ्या दिल्या, हेच त्यांच्या मुळावर आलं. दवंडी ऐकली का? ऐकली. समजली का? समजली. मग पाणी का प्यायलात? वाटलं, आमच्यासाठी नाही. हे शेवटचं उत्तर ऐकून समितीतले एक गृहस्थ हसले म्हणे. कच्चा अहवाल तयार झाला. त्यात लिहिलं होतं: दवंडी नियमाप्रमाणे दिली गेली, रहिवाशांना ती समजली, तरी त्यांनी निष्काळजीपणे पाणी वापरलं. आणि खाली पुढचं वाक्य: रहिवाशांना कचेरीची भाषा समजते हे सिद्ध झाल्याने दवाखान्यात दुभाषी ठेवण्याचं कारण उरत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही दोनदा. दवंडी देणारी कर्मचारी म्हणून काकूंनी त्यावर सही करायची होती.

काकूंनी कागद घरी आणला. आता पंचाईत अशी, की धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सही केली तर टाचणी जन्मभर निष्काळजी ठरणार, कागदावर आणि स्वतःच्या मनातही, आणि दवाखान्यातल्या म्हाताऱ्या मुक्या होणार. खरं सांगितलं तर ती सुटेल, पण मग तिला कळेल की जिचा हात आपण धरला होता तिने त्या दिवशी सगळं पाहिलं होतं आणि अंगठा बटणावरून उचलला होता. टाचणीसारखी मैत्रीण काकूंना उभ्या आयुष्यात दुसरी मिळाली नव्हती. या वयात मिळणारही नव्हती.

त्यांनी मुलाला सांगितलं. सगळं, अगदी साहेब दारात येईल हे मनात आलं तेसुद्धा. मुलाने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "आई, हे कोणाला सांगू नकोस. ठराव चुकीचा होता असं सांग. मी मंडळ सोडतो, मीही तसंच सांगतो. पण हे नको."

"ठराव चुकीचा होता का?"

"मला अजून वाटत नाही तसं," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण तुला लोक फाडून खातील."

काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाजू सोडायला तयार झालेलं पोर, तेही आईला वाचवायला, हे बघून त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त लाज वाटली.

सुनावणी नगरपालिकेच्या लांबट खोलीत होती. एका भिंतीला एका बाजूचे, दुसऱ्या भिंतीला दुसऱ्या बाजूचे, आणि मधे खुर्च्यांवर खालच्या वस्तीतले. टाचणी काकूंच्या शेजारी बसली होती, हात हातात. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुमच्या मते दवंडी दोन्ही भाषांत असायला हवी होती का? हो किंवा नाही, एवढंच सांगा." दोन्ही भिंती पुढे सरसावल्या.

"माझं मत राहू द्या, बाई," काकू म्हणाल्या, "झालं काय ते मी सांगते. मत मग ज्याचं त्याने करावं." त्या उभ्या राहिल्या, त्यामुळे टाचणीचा हात सुटला. "या लोकांना समजलं होतं, हे खरं आहे. पण अकरा वर्षं मीच यांना शिकवलं, की पहिली दवंडी कचेरीची असते, तुमची नसते. ती मी उरकून टाकायची. मग म्हणायची, आता तुमच्यासाठी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती सवय मी लावली, आणि एके दिवशी काढून घेतली, आणि काढून घेतली आहे हेही यांना सांगितलं नाही. माणसाला समजणं वेगळं आणि आपल्याला बोलावलंय हे कळणं वेगळं. निष्काळजी म्हणायचं असेल तर मला म्हणा."

खोलीत कुजबुज झाली. एका भिंतीकडचा माणूस म्हणाला, "म्हणजे ठरावच याला कारण." काकूंनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"दादा, ठरावावर टाकून मी मोकळी झाले असते, तर इथे उभी कशाला राहिले असते? मला त्या दिवशी दिसलं होतं. कोणी दारात आलं नाही, पोरगी नळावर पाणी भरत होती, हे या डोळ्यांनी बघितलं. मी जीप थांबवली होती. मला कळलं होतं. पण मला राग होता, मला कोणी विचारलं नाही म्हणून. मी म्हटलं, चार लोकांची पोटं बिघडू देत, मग येतील माझ्याकडे. आणि मी पुढे गेले." त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक झाला की मागच्या रांगेने "मोठ्याने" म्हटलं. काकूंनी मोठ्याने सांगितलं, "मला कळलं होतं आणि मी पुढे गेले."

टाचणी उठली. तिने काकूंकडे बघितलं नाही. पिशवी उचलली आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत दाराबाहेर गेली.

अहवालातून निष्काळजीपणाचं वाक्य गेलं. त्याच्या खालचं वाक्यही गेलं, आणि दुभाषी मुलगी निदान वर्षभर दवाखान्यात राहिली. ठराव तसाच आहे, त्यावर अजून बैठका होतात, मुलगा अजून त्याच बाजूने बोलतो, फक्त आता बोलायच्या आधी वस्तीत जाऊन येतो. काकूंच्या हातातून माइक गेला. निवृत्तीला पाच महिने होते, ते त्यांनी पाणीखात्याच्या मागच्या खोलीत जुन्या फायलींना नंबर घालत काढले. दोन्ही भिंतींनी त्यांना शिव्या घातल्या. काकूंनी कानाला खडा लावला, कोणाला उलट बोलायचं नाही. ज्यांना आयुष्यभर त्यांचा आवाज नको झाला होता तेच शेजारी आता म्हणायचे, काकू, काहीतरी बोला हो.

टाचणीच्या दारावरून जायची त्यांना हिंमत झाली नाही. निरोप पाठवावासा वाटला, पण कोणत्या तोंडाने?

सातव्या आठवड्यात एका सकाळी टाचणीच आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. काकूंनी "आत ये" म्हटलं, ती आली नाही. ती आणखी वाळली होती.

"तू सांगितलंस त्या दिवसापर्यंत मला झोप नव्हती," टाचणी म्हणाली. "डोळे मिटले की तो पेला. मी भरला, मी भरला, एवढंच. तू सांगितलंस आणि त्या रात्री मला झोप लागली. हे तुला सांगायला आले. कोणीतरी तुला सांगायला हवं होतं."

काकूंनी मान हलवली.

"पण तुझं तोंड बघवत नाही मला, ताई. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलूस."

टाचणीने पदर खांद्यावर सारखा केला. जायला वळली, पुन्हा थांबली.

"वाटेत भेटलीस तरी मला हाक मारू नकोस. यायचं झालं तर माझी मी येईन."

"बरं," काकू म्हणाल्या.